सात हजार एकशे चौऱ्याण्णव

दांडेकर पुलाच्या सिग्नलला
हवालदार खुटवडांनी माझी मारुती कडेला घ्यायला लावली,
पाटीसमोर वाकून मोठ्यानं वाचलं,
"एमएच बारा... एकाहत्तर चौऱ्याण्णव."
कुठेही न अडखळता.
मग मशीनमध्ये आकडे दाबत म्हणाले,
मॅडम, हा नंबर वाचता येत नाही. पाचशे रुपये.

मी म्हटलं, आत्ता वाचलात तो काय होता?
ते म्हणाले, मला येतो. नियमाला येत नाही.

ही पाटी गंज पेठेत इलियास पेंटरनं रंगवली.
ब्रश एकदाच बुडवून
चारची गाठ एका दमात ओढली, आणि पैसे घेताना म्हणाला,
बाई, तुम्हीच शिकवलेत हे, सातवी ब.
तेहेतीस वर्षं मी फळ्यावर हेच काढत आले.
तेव्हा भांडायचं ठरवलं.

अर्ज दोन पानी, मुद्दे आठ.
तिसरा : आपल्याच नोटिशीवर तारीख देवनागरीत आहे.
चौथा : नियम ज्यांना अरबी अंक म्हणतो
ते अरबांनी इथूनच उसने नेले होते.
सहावा : आपल्या फाटकाबाहेर जी जीप उभी असते
तिच्या पाटीवर आकडे पिळून पिळून 'दादा' केलाय,
तो नियमाला कसा वाचता येतो?
आठवा मी घरीच खोडला. त्यात नुसता राग होता.

येरवड्याच्या ऑफिसात बाकावर
माझ्याशेजारी एक मुलगा, मांडीवर स्वतःची पाटी घेऊन,
शिक्षा झालेल्या दप्तरासारखी.
फौजदार भिलारेबाईंनी अर्ज सगळा वाचला.
सगळा वाचतील असं मला वाटलं नव्हतं.
म्हणाल्या, तिसरा मुद्दा बरोबर आहे.
मग खणातून एक कागद काढला.

वडगावचा सर्व्हिस रोड, रात्री पावणेदोन.
चहाच्या टपरीवरच्या पोराला एक गाडी उडवून गेली.
पाहणारा एकटाच, नलगोंड्याचा गवंडी, नरसिंहुलु.
दिव्याखाली पाटी त्याला अख्खी दिसली होती.
वाचता आली नाही, म्हणून
सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर
त्यानं आठवून आठवून ती काढली.
बाई म्हणाल्या, तुम्ही गणिताच्या. सांगा.

मी चष्मा बदलला.
पहिला दोन. दुसरा पाच, नक्की पाच.
तिसरा
एक वाटोळं, आणि खाली सोडलेलं शेपूट.
खिडकीपाशी नेलं. कागद उलटा करून पाहिला.
अशा आकड्याला मी वहीत अर्धा मार्क द्यायचे
आणि लाल शाईनं लिहायचे, नीट काढ.
त्यानं तर नीटच काढला होता,
ज्याचं नाव आपल्याला कुणी सांगितलं नाही
अशी वस्तू काढावी तसा, जपून.

मी म्हटलं, एक.
जरा वेळानं म्हटलं, नऊ.
भिलारेबाईंनी दोन्ही वेळा काही लिहून घेतलं नाही.
चौथ्या आकड्यावर कुणाचा तरी चहा सांडला होता.

मी विचारलं, मुलगा?
ससूनला आहे, म्हणाल्या. अजून.

पाचशे भरले. पावतीवर छापलं होतं रु. ५००/-,
मला दिसलं.
तोंडात आलेलं वाक्य मी परत गिळलं,
पण ते चुकीचं होतं असं अजूनही म्हणणार नाही.

आता गाडीला नवी पाटी आहे, चकचकीत,
रिव्हेटनं ठोकलेली. कुणालाही वाचता येईल.
इलियासची डिकीत आहे, स्टेपनीखाली.
खड्ड्यात गाडी आपटली की ती खडखडते.

वडगावहून जाताना हल्ली
पुढच्या प्रत्येक गाडीची पाटी वाचते.
दोन, पाच,
मग एक.
किंवा नऊ.